सहा इंच वर

"सहा इंच," मोजणीदार सकाळी चहा पिता पिता म्हणाले, आणि बायकोला वाटलं, स्वयंपाकघरातल्या फळीबद्दल बोलताहेत. ती फळी गेले दोन महिने तिच्या डोक्याला लागत होती.

"चालेल. पण भोकं सरळ रेषेत पाडा," ती म्हणाली.

"भोकं? अगं, गाडी. गाडी सहा इंच वर घेतोय. लिफ्ट किट आलंय. सोमवारी उस्तादाच्या गॅरेजात सोडायची."

तिने कप खाली ठेवला. हे सांगून झाल्यावर मोजणीदार तिच्याकडे असे बघत राहिले, की जणू आता तिने टाळ्या वाजवायच्या होत्या. तिने काही वाजवलं नाही. मग ते जरा हिरमुसून आंघोळीला गेले.

नोकरीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना मोजणीदारच म्हणत. त्यांनी जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि तिने बाहेरच्या खोलीत मशीन टाकून जन्मभर लोकांची अंगं मोजली. टेप दोघांच्याही हातात, म्हणून मुलगी लहानपणी म्हणायची, आपल्या घरात काहीही अंदाजे होत नाही. मग हे काय होतं? आठ महिन्यांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदलला होता. व्यायामाला नेणारे, जिन्यावर "चांगला पाय आधी, चांगला पाय आधी" असं मागून ओरडणारे हेच. आणि आता गाडी उंच करणारेही हेच.

न्हाणीघरात पाण्याचा आवाज सुरू झाल्यावर ती टेप घेऊन अंगणात गेली. जमिनीपासून गाडीच्या पायदानापर्यंत सतरा इंच. मग दाराची चौकट धरून तिने आपला पाय जमेल तेवढा उचलला आणि दुसऱ्या हाताने टेप सोडली. अठरा. तेही ओठ चावून. सतरात सहा मिळवायला कागद लागत नव्हता.

संध्याकाळी तिने विचारलंच.

"कशाला हो एवढी उंच?"

मोजणीदार आधी चमकले, मग हसले. "हे तू मला विचारतेस?"

"मग कोणाला विचारू?"

"आता मागे फिरायचं नाही हं," ते म्हणाले आणि हसत हसत पेपर उघडून बसले.

तिला काही टोटल लागेना. मागे फिरायचं नाही म्हणजे काय? पुढे कधी गेलो होतो? तिने मुलीला फोन लावला.

"बाबांना सरळ विचार ना," मुलगी म्हणाली.

"विचारलं. हसतात."

"मित्रांबरोबर डोंगरात वगैरे जायचं असेल."

"मित्र कोण? एकाला दिसत नाही आणि दुसऱ्याला गाडी लागते."

फोन ठेवल्यावर मात्र एक विचार तिच्या मनात शिरला तो निघेना. बायको चढू शकणार नाही अशी गाडी माणूस मुद्दाम का करून घेईल? गेले आठ महिने तो आपल्याला धरून चढवतोय, धरून उतरवतोय. कंटाळला असेल. पण कंटाळलेला माणूस असा हसेल? आणि गुडघ्याला शेक द्यायला स्वतःहून पाणी तापवेल? रात्री शेक घेताना ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तोंडावर काही लिहिलेलं नव्हतं.

सोमवारी गाडी गेली. बुधवारी तिने शिवून ठेवलेली सीटकव्हरं उचलली आणि रिक्षा करून गॅरेज गाठलं. उस्तादाला कव्हरं नेहमी तीच शिवून द्यायची, त्यामुळे जायला निमित्त होतं.

त्यांची गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती. चारही चाकं काढून भिंतीला टेकवली होती आणि पुढचा आस खालून जॅकवर तोलून धरला होता. जुन्या स्प्रिंगा जमिनीवर गंजलेल्या पडल्या होत्या. त्यांच्या शेजारी नव्या, पिवळ्याधमक, जुन्यांपेक्षा चांगल्याच लांब. उस्ताद एका गुडघ्यावर बसून एक नवी स्प्रिंग तिच्या जागी बसवत होता. त्याने आस हळूहळू खाली सोडला, स्प्रिंग वाटीत सरकवली, मग पुन्हा जॅक वर घेतला. स्प्रिंग करकरत दबली.

"या ताई," तो हात पुसत उठला. "बघा तुमचं काम. सहा इंच म्हणजे नुसत्या स्प्रिंगा घालून भागत नाही. शॉकअप लांब, ब्रेकचे पाइप लांब. आणि हा आडवा दांडा दिसतो? गाडी वर गेली की हा पूर्ण आस एका बाजूला ओढतो. म्हणून हासुद्धा नवा, लांबी कमीजास्त करता येणारा. नाहीतर गाडी खेकड्यासारखी चालेल."

"उस्ताद, एवढी उंच कशाला?" तिने कव्हरं बाकावर ठेवली.

उस्तादाने तिच्याकडे बघितलं. मग गाडीकडे. मग परत तिच्याकडे.

"ताई, हे मीच तुम्हाला विचारणार होतो. मी साहेबांना तीन इंच सुचवलं. म्हटलं, टायर हेच ठेवणार, गाडी टाचा उंचावून उभी राहिल्यासारखी दिसेल. आणि ताईंचा गुडघा. तर म्हणाले, नाही, तिचंच सांगणं आहे. तिने सहाच सांगितलंय."

"मी?"

"तुम्ही. म्हटलं, मग आपण कोण बोलणारे?"

"मी सांगितलं? गाडी उंच करा म्हणून?"

"ताई, मला मध्ये घेऊ नका," उस्ताद घाबरून म्हणाला आणि परत गाडीखाली गेला.

परतीच्या रिक्षात तिने आपलं सगळं बोलणं आठवून पाहिलं. कपाट उंच करा असं मी म्हणाले होते. दोरी उंच बांधा असंही म्हणाले होते. फळी तर रोजच. गाडी? छे. माणसाला आपण न बोललेलं आठवत नाही म्हणून बरं. पण आपण बोललेलंच आठवत नसेल तर?

मोजणीदार कुंड्यांना पाणी घालत होते. ती दारातूनच म्हणाली, "मी तुम्हाला गाडी उंच करायला कधी सांगितलं?"

"हॉस्पिटलमधून आणलं त्या दिवशी," ते शांतपणे म्हणाले. "तलावाच्या रस्त्याने आलो. तिथल्या कठड्यावर विटांचे नवे थर चढवलेत ना. तू डोळे किलकिले करून बाहेर बघत होतीस. म्हणालीस, सहा इंच कमी पडले बघा, नाहीतर पाणी दिसलं असतं."

"असं मी म्हणाले?"

"दोनदा."

"अहो, मी गुंगीत होते! हॉस्पिटलमधून गाडीत कधी बसले तेसुद्धा मला आठवत नाही!"

मोजणीदारांच्या हातातल्या झारीतून पाणी त्यांच्याच चपलेवर पडत राहिलं. "पण मी नंतर जाऊन मोजलं," ते म्हणाले. "कठडा मोजला. तू सीटवर बसलीस की डोळ्यांची उंची किती, तीही. पाच इंच आणि सात दोरे, म्हणजे सहाला एकच दोरा कमी. तू सहा म्हणालीस ते बरोबर होतं. मला वाटलं, किती अचूक बोलली."

"मग मी कशाला म्हणून विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं, गंमत करतेस. मग वाटलं, रागावलीस. मग मला काही कळेचना." ते खरोखर रडवेले झाले होते. "आठवडाभर मी तेच धरून बसलोय, हिचंच काम करतोय आणि ही तोंड फुगवून का?"

"आणि गुडघा?"

त्यांनी झारी खाली ठेवली.

"गुडघा मी हिशेबात धरलाच नाही," ते म्हणाले. "फक्त डोळे धरले."

तिला हसावं की डोकं धरून बसावं, ते ठरेना. शेवटी ती ओल्या चपलेकडे बोट दाखवून आत गेली, आणि आत जाऊन थोडी रडली. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

शुक्रवारी गाडी तयार झाली. रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. उस्तादाने तेलाच्या डब्यांचं एक लाकडी खोकं दाराशी ठेवलं, मोजणीदारांनी हात दिला, चांगला पाय आधी, आणि ती वर गेली. वळणावर गाडी अशी कलली की तिने दाराची मूठ घट्ट धरली. "सवय होईल," मोजणीदार म्हणाले. पण त्यांनीही स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं.

कठड्यापाशी त्यांनी वेग कमी केला. "दिसतंय?"

दिसत होतं. कठड्याच्या वर पाण्याची एक लांब पट्टी, एक होडी, पंपघराचं छप्पर.

"दिसतंय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मला तलाव आवडतो का हो?"

"आवडतो ना?" मोजणीदार गोंधळले. "तू दोनदा म्हणालीस म्हणून मला वाटलं."

पुढे कठड्यात एक फाटक होतं. सताड उघडं. एक बाई लेकराला घेऊन आतून बाहेर येत होती.

"इथून आत जाता येतं?" तिने विचारलं.

"येतं की. नेहमीच येतं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांच्या तोंडावरून कळत होतं, की आपण आत्ता मोठ्याने काय म्हटलं, ते त्यांच्या लक्षात यायला लागलंय. त्यांनी गाडी बाजूला घेतली. खोकं गॅरेजमध्येच राहिलं होतं. मग त्यांनी मागून हत्यारांची पेटी काढून दाराशी ठेवली, तिचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवर घेतले, आणि ती दोन वेळा "थांबा, थांबा" म्हणत एकदाची खाली आली.

फाटकातून आत गेल्यावर पाणी पायांपासून पलीकडच्या टेकडीपर्यंत सगळंच्या सगळं समोर होतं. दोघं उभे राहिले.

"आता?" मोजणीदारांनी विचारलं.

"आता बघा."

"काय बघू?"

"मला काय विचारता? मी गुंगीत होते."

पुढच्या आठवड्यात उस्तादाने तिच्या बाजूला खाली घडी घालून ठेवता येणारी पायरी बसवून दिली. गाडी परत खाली घ्यायची का, असं त्याने विचारलं, तेव्हा मोजणीदारांनी तिच्याकडे बघितलं आणि तिने मोजणीदारांकडे. दोघांनीही काहीच न सांगितल्यामुळे गाडी तेवढीच राहिली.