राजदीपच्या वजनावर

गाडीच्या पुढच्या उजव्या चाकामागे, जिथे सगळा चिखल उडतो त्या अंधारात जो उभा आहे, तो मी बोलतोय. माझ्या खोक्यावर ‘कॉइलओव्हर’ असं छापलेलं होतं. पांढरकवड्यात मात्र मला सगळे शॉकअपच म्हणतात. मला चालतं.

मी म्हणजे एक नळी आणि तिच्याभोवती स्प्रिंग. नळीला बाहेरून आटे पाडलेले आहेत आणि त्या आट्यांवर एक जाड रिंग फिरते. रिंग वर चढवली की गाडी उठते, खाली उतरवली की गाडी बसते. पण रिंग आपोआप फिरत नाही, कोणाचा तरी हात लागतो. तो हात मी विसरत नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. तापलेलं लोखंड, तेलाचा वास, आणि मग थर्माकोलमधली लांब झोप. आम्ही चौघं एकाच खोक्यात होतो. ट्रक डुलत होता आणि मला सारखं एकच स्वप्न पडायचं, की माझ्यावर काहीतरी जड आणि उबदार येऊन बसलं आहे. ज्याच्यावर कधी वजनच आलं नाही त्याला वजनाचं स्वप्न कसं पडलं असेल?

खोकं उघडलं ते राजदीपने. धिप्पाड माणूस. हायवेवर वेल्डिंगच्या दुकानात काम करायचा, हातभर भाजल्याच्या खुणा. त्याने मला दोन्ही हातांनी उचललं आणि धाकट्या भावाला दाखवलं.

“पाह्य अतल्या, कसा चमकून राह्यला!”

अतुल म्हणाला, “दादा, एवढ्यात तर नवीन मोटरसायकल आली असती.”

“मोटरसायकलवर माय बसते का? चाल.”

कय्युमभाईंच्या गॅरेजात कडुलिंबाखाली गाडी जॅकवर चढली. जुने शॉकअप निघाले, तेल गळून गळून थकलेले. त्यांच्या जागी आम्ही उभे राहिलो. कय्युमभाईंनी बोल्ट हातानेच लावले, पक्के आवळले नाहीत. गाडी स्वतःच्या पायांवर उभी राहिल्याशिवाय आवळायचं नाही, ही त्यांची पद्धत. मग गाडी खाली घेतली, अंगणात पुढे-मागे ढकलली, आणि माझ्यावर पहिल्यांदा वजन आलं. ते स्वप्नातल्यासारखंच होतं.

“आणखी खाली घ्या भाई,” राजदीप म्हणाला.

“अबे, गावातले ब्रेकर पाह्यले का? पोट घासत जाशीन.”

“घासू द्या. गाडी दिसली पाह्यजे.”

“दिसन ना. ब्रेकरवर अडकलेली दिसन. लोकं फोटो काढतीन.”

शेवटी दोघांचं जमलं. चारही बाजू सारख्या लावल्या. कय्युमभाई मोजपट्टी वापरत नाहीत, टायर आणि मडगार्डच्या मधे बोटं घालतात. चारही चाकांवर बोटं सारखी बसली. राजदीप खुशीत आत जाऊन बसला, आणि गाडी उजवीकडे झुकली.

कय्युमभाई हसले. “चुकलंच आपलं. रिकामी गाडी कोणी चालवते का? आता तुह्या वजनावर लावतो.”

मग तो बसला की बोटं घालायची, उतरला की जॅक, पुन्हा रिंग, पुन्हा गाडी खाली, पुन्हा तो आत. शेवटची रिंग त्याने हट्टाने स्वतः फिरवली. तळहाताचा घट्टा पान्यावर घासत होता, तो मला आट्यापर्यंत जाणवला. मग तो आत बसला आणि गाडी चारही बाजूंनी सरळ झाली, पाण्यासारखी.

ते दिवस मला अजून झोपेत दिसतात. हायवेचा अखंड गुणगुणाट. दोन्ही बाजूंना कापूस, मग साग, मग पुन्हा कापूस. राजदीप गाडी चालवताना गात नसे, बोलत नसे, फक्त डाव्या मांडीवर बोटांनी ताल धरायचा. तो ताल सीटमधून, पत्र्यातून झिरपत माझ्यापर्यंत यायचा. खड्डा आला की तो त्याच्या आईला आधीच सांगायचा, “माय, धर.” आणि मला वाटायचं, तो मलाच सांगतोय.

पावसाळा संपता संपता त्याला ताप आला. आधी यवतमाळला नेलं, तिथून नागपूरला. जाताना तो मागच्या सीटवर आडवा होता आणि स्टेअरिंगवर अतुल. परत आणलं ते दुसऱ्याच गाडीतून, आम्ही मागून आलो.

मी अंगणात उभा होतो. कितीतरी माणसं आली, गेली. माझ्यावर कोणी बसलं नाही. स्प्रिंगला थांबता येतं, पण कशासाठी थांबायचं ते तिला सांगावं लागतं.

मग अतुल चालवू लागला. अतुल म्हणजे काडी. तो बसला की माझ्या बाजूला जेवढं वजन यायला हवं तेवढं येतच नव्हतं. उजवी बाजू नखाएवढी वर राहायची आणि गाडी डावीकडे कललेली. कय्युमभाईंनी रस्त्यातच पाहिलं आणि हात दाखवून थांबवलं.

“आन एक दिवस. तुह्यावर लावून देतो.”

“हात लावू नका भाई.”

“अबे, वाकडी चालून राह्यली.”

“चालू द्या. दादाने लावलं ते राहीन.”

पण वाकडी गाडी त्यालाही बघवेना. घरी जाऊन त्याने एक पोतं घेतलं, सरकी भरली, आणि स्वतःच्या सीटमागे ठेवलं. गाडीबाहेर येऊन पाहिलं, पुन्हा ओंजळभर टाकली. पुन्हा पाहिलं. जेवढा दादा त्याच्यापेक्षा जड होता तेवढं पोतं झाल्यावर तो बसला, आणि गाडी सरळ झाली. मीही फसलो. डोळे मिटता आले असते तर मिटले असते.

पुसदला रुपालीताईकडे, म्हणजे त्यांच्या बहिणीकडे जाताना माय मागे डाव्या बाजूला बसली.

“पोतं काहून घेतलं रे? ताईच्या घरी का म्हैस हाय?”

“राहू दे माय.”

वळणावर शेळ्या आडव्या आल्या. अतुलने कचकन ब्रेक मारला. पोतं सीटवर आदळलं, शिवण उसवली आणि सरकी मायच्या पायांवर पसरली. शेळ्या निघून गेल्या. गाडी तिथेच उभी. माय सरकी गोळा करू लागली आणि अतुलला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. वजन, रिंग, दादाचा हात, सगळं.

माय मुठीतली सरकी बघत बसली.

“माहा राजदीप पोत्यात मावते का रे?” ती म्हणाली. “माहा एक पोरगा गेला. तू बी गाडीत नसल्यासारखा बसतं. मी कोणासंग चालली मग?”

तिने काच खाली केली आणि मूठ रस्त्याच्या कडेला रिकामी केली.

मायला ताईकडे ठेवून पुसदहून परतल्यावर अतुल घरी न जाता सरळ गॅरेजात आला. त्याने किल्ली पुढे केली. कय्युमभाईंनी ती घेतली. जॅक लागला, पाना आट्यांवर बसला. रिंग जाम झाली होती, धूळ आणि चिखलाने. करकरली, मग सुटली. मला दुखलं. खोटं कशाला बोलू.

गाडी खाली आली. अतुल आत बसला. कय्युमभाई वाकून बोटं घालू लागले, पण गाडी थरथरत होती. माप बसेना.

“हलू नको ना बे.”

अतुल हलत नव्हता. तो रडत होता, मोठ्याने, स्टेअरिंगला धरून.

कय्युमभाई चाकाजवळच टेकून खाली बसले. “रड. मी हायच इथं. वजन तेवढंच राह्यते.”

ते थांबले. कडुलिंबाची सावली सरकून बॉनेटवर आली, तेव्हा थरथर ओसरली आणि त्यांची बोटं अलगद आत गेली.

आता मी अतुलवर लावलेला आहे. रिंग खाली आहे. वर जिथे ती असायची तिथल्या आट्यांना हळूहळू गंज चढेल. तू मला काही मागितलं नाहीस अतुल, पण मी मागतो. अजूनही तू सीटच्या कडेवर बसतोस, कोणाला जागा ठेवल्यासारखा. तसं नको. मागे सरक. पाठ टेकव. सगळा बस. माझ्यावर तुझं पूर्ण वजन येऊ दे, मी धरतो.