उजवीकडची सीट

तृप्तीनं शेवटचा नट काढला, पट्टा सरकवला आणि गाडीच्या ए.सी.चा कंप्रेसर दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर उचलला. दळणाच्या भरल्या डब्याएवढा जड होता. ओट्यावर अंथरलेल्या पोत्यावर तिनं तो ठेवला, तसा भूपेंद्र पुढे झाला आणि खांद्यावरच्या टॉवेलनं त्यावरचं तेल पुसू लागला.

“काका, हे आता भंगार झालं,” ती म्हणाली.

“असू दे. ओरिजनल आहे.”

पान्याची ग्रीस चिंधीला पुसत तृप्ती पुन्हा बॉनेटखाली वाकली. ती जवळच्या दापोरा गावची. केळी पिकवायच्या थंड खोल्यांची यंत्रं सांभाळणं हे तिचं काम; बऱ्हाणपूरच्या आसपासच्या पाच-सहा व्यापाऱ्यांच्या खोल्या तिच्याच भरवशावर चालत. मोटारीला तिनं आजवर हात लावला नव्हता. पण ज्यांनी लावला होता त्या दोन गॅरेजवाल्यांनी डॅशबोर्ड कापावा लागेल असं सांगितलं होतं आणि भूपेंद्र त्यांच्याकडे परत गेला नव्हता. तृप्ती मात्र अर्धा तास डॅशबोर्डखाली डोकं घालून पडून राहिली आणि उठून म्हणाली होती, “आतली गार हवेची पेटी राहू द्या. बाहेरचं सगळं बदलू.”

गाडी जपानी होती. दोन दारांची, लांब नाकाची, डाळिंबी रंगाची स्पोर्ट्स कार. बऱ्हाणपुरातल्या इतवाऱ्यातल्या एका व्यापाऱ्यानं कुवेतहून कायमचं परतताना ती जहाजातून आणली होती. भूपेंद्र तेव्हा नेपानगरच्या कागद कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. त्यानं ती चौऱ्याण्णव साली घेतली आणि निवृत्त होऊन शनवाऱ्याजवळच्या घरी आल्यावर तिच्यासाठी अंगणात पत्र्याची शेड बांधली. इंदूरच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात एका परीक्षकानं तिच्या चाकांच्या टोप्याही मूळच्याच आहेत हे पाहून मान डोलावली होती. ती मान भूपेंद्र अजून विसरला नव्हता.

ए.सी. तिला पहिल्यापासून होता. पण जुन्या जातीचा गॅस मिळेनासा झाला आणि पंधरा वर्षं त्या जाळ्यांमधून नुसता गरम वारा येत राहिला. भूपेंद्रला त्याचं काही वाटत नव्हतं. दर रविवारी सकाळी तो तापीच्या पुलापर्यंत जाऊन परत येई. एकटाच. त्याच्या बायकोनं, प्रतिभानं, गाडीत बसणं सहा वर्षांपूर्वी सोडलं होतं.

“फार उकडतं हो त्यात,” ती म्हणायची आणि बसनं जायची.

यंदा खंडव्याला तिच्या बहिणीची, वैजयंतीची, वास्तुशांत अक्षय तृतीयेला ठरली. प्रतिभा कोथिंबीर निवडत होती तेव्हा भूपेंद्र म्हणाला, “गाडीनं जाऊ. ए.सी. करून घेतो.” तिचे हात क्षणभर थांबले. मग ती म्हणाली, “बरं.”

काम सहा दिवस चाललं. नवा कंप्रेसर जुन्याच्या निम्मा होता. तो बसवायला तृप्तीनं पुठ्ठ्याचा नमुना कापून लोखंडी पट्टी घडवून आणली. रेडिएटरपुढची जाळी बदलली, पंखा बदलला, सगळे पाईप आणि त्यांतली रबरी कडी बदलली. प्रत्येक वेळी भूपेंद्र जुना भाग वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर नाव लिहून ठेवायचा. दुपारी प्रतिभा दोघांना ताक आणून द्यायची. गाडीकडे बघायची आणि आत जायची.

सातव्या दिवशी गॅस भरला. पाईप गार पडले, त्यांवर दहिवरासारखं पाणी आलं, तरी आतला वारा कोमटच. तृप्ती उकिडवी बसून राहिली. मग तिनं इंजिनामागून आत जाणाऱ्या दोन नळ्यांना हात लावला आणि झटकन मागे घेतला.

“काका, हीटर चालू आहे.”

“बंद आहे. बटण बघ.”

“बटण बंद आहे. आतला पाण्याचा कॉक बंद होत नाही. उकळतं पाणी त्याच पेटीतून फिरतं अन् आपण तिलेच थंड करत बसलो.” तिनं वर पाहिलं. “बऱ्हाणपुरात हीटर लागतो का कधी?”

भूपेंद्रनं तोंड उघडलं. तो काय म्हणणार हे तृप्तीला माहीत होतं आणि ती वाट बघत होती. अंगणात ऊन नुसतं भाजत होतं. त्यानं तोंड मिटलं आणि पक्कड तिच्या हातात दिली.

दोन्ही नळ्या बाहेरच्या बाहेर जोडल्यावर पाच मिनिटांत जाळीतून गार झोत आला. तृप्तीनं खिशातून केळीच्या खोलीत वापरायचा थर्मामीटर काढून तिथं धरला.

“आठ डिग्री,” ती म्हणाली. “एवढ्या गारव्यात केळं काळं पडंल.”

गाडी रस्त्यावर नेऊन पाहायची होती. तृप्ती सवयीनं डावं दार उघडून बसायला गेली तर समोर स्टिअरिंग. कुवेतची गाडी, चालवणारा डावीकडे. ती वळसा घालून उजवीकडे येऊन बसली. दोघं इच्छापूर रस्त्याला लागले.

“पुढं ट्रक आला की मला समोरचं दिसत नाही,” भूपेंद्र म्हणाला. “तू बघून सांगायचं.”

पहिल्या ट्रॅक्टरला तिनं “जा” म्हटलं आणि तो गेला. दुसऱ्यांदा पुढे कापसाच्या गाठींचा ट्रक होता.

“थांबा,” ती म्हणाली. आणि पुन्हा, “काका, थांबा ना.”

तोवर गाडी निम्मी बाहेर आलेली होती. समोरून येणारी पिकअप हॉर्न वाजवत कच्च्यात उतरली. भूपेंद्रनं गाडी पुढे काढली, आरशात पाहिलं आणि म्हणाला, “निघालो की नाही?”

अंगणात परतल्यावर तृप्तीनं उतरून अवजारं पिशवीत भरली.

“ए.सी. बराबर आहे,” ती म्हणाली. “पण मी दाराची कडी धरून बसली होती. येणारं सगळं पहिले मह्याच अंगावर. तुमी तिकडे लांब राहता. काकू कशी बसे इथं?”

“तिला सवय आहे.”

“हो का,” तृप्ती म्हणाली आणि स्कूटरला किक मारली.

ती गेल्यावर भूपेंद्र शेडमध्ये परत आला. काच पुसायला म्हणून त्यानं उजवं दार उघडलं आणि मग आत बसला. या बाजूला तो कधी बसलाच नव्हता. पाय पुढे लांबवले तेव्हा उजव्या टाचेखाली काहीतरी खोलगट लागलं. वाकून बघितलं. पायाखालचा गालिचा एका जागी पार झिजला होता, आतलं जूट दिसत होतं. त्या बाजूला ब्रेक नव्हता, काहीच नव्हतं. दर महिन्याला तो हा गालिचा झाडत असे.

सहा वर्षांपूर्वीचं खंडव्याहून परतणं त्याला आठवू लागलं. असीरगडच्या वळणावर पुढे टँकर होता. प्रतिभा “थांबा” म्हणाली होती. काही झालं नव्हतं, घरी सुखरूप आले होते. दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा म्हणाली, फार उकडतं हो. तेव्हा माघ चालू होता. सकाळी शाल लागायची.

प्रतिभा चहाला हाक मारायला आली, त्याला त्या सीटवर पाहिलं आणि दारातूनच परत गेली.

अक्षय तृतीयेला सकाळी दोघं निघाले. निंबोल्यापर्यंत प्रतिभा पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. मग तिनं तळहात जाळीसमोर धरला.

“गार आहे,” ती म्हणाली.

“पोरीनं चांगलं काम केलं.”

निंबोल्यानंतर पुढे केळीचा ट्रक लागला. रस्त्याचं रुंदीकरण चाललेलं, एकच बाजू चालू. भूपेंद्रचा हात गियरवर गेला आणि थांबला.

“जाऊ?”

प्रतिभानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

“थांबा.”

तो मागे राहिला. एक मोटारसायकल गेली, एक बस गेली.

“आता?”

“थांबा.”

समोरून काहीच आलं नाही. एक मैलाचा दगड गेला, मग दुसरा.

“आत्ता मोकळं होतं,” ती म्हणाली. “मी मुद्दाम थांबवलं.”

“बरं.”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. “उकडायचं ते खरंच. पण नुसतं उकाड्याचं नव्हतं.”

“हो,” भूपेंद्र म्हणाला. त्यानं ट्रकपासूनचं अंतर थोडं वाढवलं.

असीरगड डोंगरावर दिसू लागला. मुहूर्त अकराचा होता आणि तो गाठायचा तर आता वेग धरायला हवा होता. मागून कुणीतरी हॉर्न देत होतं. त्याला वाट देऊन भूपेंद्रनं विचारलं, “जाऊ?”

उत्तर आलं नाही. त्यानं वळून पाहिलं. प्रतिभानं चपला काढून पाय सीटवर घेतले होते. पर्स खाली घसरली होती. डोकं काचेला टेकून ती गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं.

समोर ट्रक, ट्रकपलीकडे काय आहे ते त्याला दिसत नव्हतं आणि सांगणारं कुणी जागं नव्हतं. भूपेंद्रनं तिला फार गार लागू नये म्हणून पंखा एक घर कमी केला, गियर उतरवला आणि ट्रकच्या मागोमाग जात राहिला.