लोन एल्मचा पूल

"मार्च एक्याऐंशी ते डिसेंबर एक्याऐंशी," लव्हॉन प्रुइटने चष्म्याच्या वरून पाहत विचारले, "हे दहा महिने तुम्ही कुठे होतात, मिस्टर ओ?"

"मासे मारत होतो."

"तसंच लिहू? वायोमिंगवाले खूश होतील. तिथे म्हणे सगळेच मासे मारतात."

लेलंड ऑस्टरहाउस खांदे हलवून हसले. ऑफिसात लहानथोर सगळे त्यांना मिस्टर ओ म्हणत. वय त्र्याहत्तर, पण टाय अजून रोजचा. चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी नदीनाल्यांवर पूल बांधले होते. आता वायोमिंगमधल्या एका तालुक्याला पूल हवा होता आणि तिथल्या लोकांनी मिस्टर ओंचे नाव घेऊन मागणी केली होती. अडचण एवढीच की त्यांच्याकडे सव्वीस राज्यांचे परवाने होते, वायोमिंगचा नव्हता. परवाना नाही तर नकाशावर शिक्का नाही, आणि शिक्का नाही तर पूल नाही. "हा शेवटचा," असे ते गेला महिनाभर ज्याला त्याला सांगत होते. सांगताना डोळे मात्र पहिलाच पूल असल्यासारखे चमकत.

लव्हॉनचे काम म्हणजे हे परवाने. कॅन्ससमधल्या सलायना गावच्या त्या कंपनीत ती एकतीस वर्षे इंजिनिअरांचे कागद तयार करत होती. एका राज्यात इंजिनिअर असलेला माणूस शेजारच्या राज्यात पाऊल टाकताच कोणीच नसतो. तिथल्या परवाना मंडळाला पुन्हा सगळे पटवून द्यावे लागते. बरे, प्रत्येक मंडळाची तऱ्हा वेगळी. टेक्सासला बोटांचे ठसे हवेत. कॅलिफोर्नियाला भूकंपाची परीक्षा हवी. अलास्का विचारते, गोठलेल्या जमिनीबद्दल काही शिकलात का? लव्हॉन स्वतः नेब्रास्काच्या पलीकडे कधी गेली नव्हती. पण अलास्काचा अर्ज भरायला घेतला की ऐन जुलैत ती खुर्चीवरचा स्वेटर अंगात चढवी, आणि ओरेगॉनच्या पाकिटाला तिला ओल्या लाकडाचा वास येई. दुपारी ऑफिस पेंगत असताना तिच्या टेबलावरून नद्या वाहत, डोंगर उभे राहत, आणि त्यांच्यामधून ती टाचणी, शिक्का आणि नोटरीची तारीख सांभाळत चालत असे. हे तिने कोणाला सांगितले नव्हते. सांगितले असते तर लोकांनी वेड्यात काढले असते.

तिचा एक नियम होता. जुन्या फाइलमधून काही उतरवायचे नाही. दर वेळी माणसाला समोर बसवून, शिक्षण संपल्यापासूनचा महिना न् महिना त्याच्या तोंडून वदवून घ्यायचा. अर्जात एका महिन्याचीही फट चालत नाही. नवी पोरे कुरकुरत, "अहो, मागच्याच वर्षी सांगितलं ना!" त्यावर तिचे ठरलेले उत्तर होते, "जुन्यावरून उतरवलं की जुनी चूकही उतरते."

एक्याऐंशीच्या त्या दहा महिन्यांचे उत्तर तर तिला तोंडपाठ होते. आधी मासे, मग हसणे, आणि मग "वडिलांच्या पिठाच्या गिरणीत पोती भरत होतो." सव्वीस अर्जांत तेच. तिची पेन्सिल 'गिरणी' लिहायला टेकलीसुद्धा होती.

पण मिस्टर ओ खिडकीबाहेर पाहत राहिले.

"लोन एल्म," ते हळूच म्हणाले. "रिपब्लिकन नदीवर, पार नेब्रास्कात. तीन कमानी. सकाळी धुकं असायचं गं, इतकं की पलीकडच्या काठावरची माणसं नुसती बोलताना ऐकू यायची. उद्घाटनाला इमोजीन पिवळा ड्रेस घालून आली होती. सगळ्यांत आधी तीच चालत गेली. मी म्हटलं, अगं थांब, काँक्रीट ओलं आहे! तर म्हणते, मग माझी पावलं राहू देत."

इमोजीन म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन सहा वर्षे झाली होती.

"सुंदर होता हो," लव्हॉन म्हणाली. तिलाही ते धुके दिसले होते, पिवळा ड्रेस दिसला होता. त्या धुक्यातून बाहेर यायला तिला थोडा वेळ लागला.

जेवणाच्या सुट्टीनंतर ती तळघरातल्या कपाटांकडे गेली. मिस्टर ओ कंपनीत आले तेव्हा स्वतःची जुनी कागदपत्रे घेऊन आले होते. लोन एल्म सापडायला वेळ लागला नाही. पिवळी पडलेली एक गुंडाळी, तीन कमानी, आणि कोपऱ्यात तालुक्याचा शेरा: नामंजूर, फेब्रुवारी एक्याऐंशी.

तो पूल कधी बांधलाच गेला नव्हता. तो नाकारला म्हणून तर ते गिरणीत गेले होते.

परवाच मिस्टर ओंनी डब्यातला बीअरॉक, तो कोबी-खिम्याचा बन, दोनदा गरम केला होता आणि "आज जेवलो का मी?" असे विचारले होते. ती हसली होती. आता त्या हसण्याची तिला लाज वाटली.

आणि याच आठवड्यात तिच्या टेबलावर आणखी एक कागद येऊन पडला होता. परवान्यासाठी पाच जणांची शिफारस लागते. तिघे इंजिनिअर, दोघे कोणीही ओळखीचे. मिस्टर ओंचे बरोबरीचे बहुतेक जण वर गेलेले. कसेबसे चार जमले, आणि पाचवे नाव त्यांनी लव्हॉनचे दिले होते. एकतीस वर्षे दुसऱ्यांची नावे लिहिणाऱ्या बाईचे नाव पहिल्यांदाच एखाद्या अर्जात छापून आले होते. दोन दिवस तिने तो कागद नुसता जवळ ठेवला होता. त्यावरचा शेवटचा प्रश्न तिने आज पुन्हा वाचला: ज्या कामावर लोकांचे प्राण अवलंबून आहेत असे काम या व्यक्तीवर सोपवावे, असे तुम्हाला वाटते का?

ती कंपनीच्या प्रमुख कोरिन वासेककडे गेली. कोरिन तिच्याहून वीस वर्षांनी लहान, हुशार, आणि कायम घाईत.

"कोणाचं विस्मरण होत नाही, लव्हॉन? माझ्या गाडीच्या किल्ल्या रोज हरवतात."

"किल्ल्या हरवणं वेगळं. न बांधलेला पूल आठवणं वेगळं."

कोरिन आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ, नकाशे दोघं जण तपासतील. त्यांनी फक्त शिक्का मारायचा. हा पूल गेला तर तो माणूस खचेल गं."

"डोकं दुसऱ्याचं आणि शिक्का त्यांचा? उभ्या जन्मात त्यांनी असं केलेलं नाही. आता नकळत त्यांच्याकडून करून घ्यायचं?"

"मग तू काय लिहिणार आहेस?"

"ते गुप्त असतं," लव्हॉन म्हणाली आणि बाहेर आली. जागेवर बसल्यावर मात्र तिला रडू आले. 'नाही' लिहिले असते तरी त्यांना कधीच कळले नसते. पाकीट थेट मंडळाकडे जाणार होते. तेच तिला सहन होईना. ज्या माणसाने एवढ्या विश्वासाने आपले नाव दिले, त्याच्या पाठीमागे त्याचे आयुष्य मिटवायचे? आणि 'हो' लिहिले तर त्या पुलावरून उद्या शाळेची बस जाणार होती.

शुक्रवारी ती त्यांना म्हणाली, "मिस्टर ओ, मला तो लोन एल्मचा पूल दाखवाल?"

त्यांचा चेहरा असा उजळला की तिला वाटले, आपण फार दुष्ट आहोत.

शनिवारी सकाळी ते निघाले. गाडी लव्हॉनने चालवली. ऑक्टोबरचे ऊन, दोन्ही बाजूंना कापून टाकलेले ज्वारीचे सड, आणि मधूनच धान्याची उंच पांढरी कोठारे. मिस्टर ओ सारखे बोलत होते. इथे वळण येईल, इथे एक चर्च लागेल. वळण आले, चर्चही लागले. मग लव्हॉनलाच वाटू लागले की असेल, पूल खरेच असेल, फाइलच खोटी असेल. तिने इतकी वर्षे कागदांतून इतके प्रदेश पाहिले होते. हाही तसाच पुढे येऊन उभा राहील. मनोमन तिने तशी प्रार्थनासुद्धा केली.

खडीचा रस्ता नदीशी येऊन संपला.

समोर कॉटनवूडची पिवळी झाडे होती. नदी उथळ, मधे वाळूचे पट्टे, त्यांवर दोन करकोचे. बाकी काही नव्हते.

"पूल कुठे गेला?" मिस्टर ओंनी विचारले.

ते खाली उतरले आणि काठाने चालू लागले. पन्नास पावले वर, पन्नास पावले खाली. बुटाच्या टाचेने माती उकरली, वाकून पाहिली. पलीकडच्या काठाकडे डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिले. लव्हॉन गाडीला टेकून उभी होती. त्यांना असे काम करताना तिने कधी पाहिलेच नव्हते. तिने त्यांचे फक्त कागद पाहिले होते.

ते परत आले तेव्हा त्यांचा आवाज शांत होता.

"पूर आला की पूल जातो. पण पाया राहतो, लव्हॉन. चाळीस वर्षांनीही काहीतरी राहतं. इथली माती कोणी कधी हलवलेलीच नाही."

"हो."

"म्हणजे बांधलाच नव्हता."

"नाही, मिस्टर ओ."

"आणि इमोजीनची पावलं?" त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता मान वळवली. लव्हॉनने त्यांचा हात धरला. दोघे करकोच्यांकडे पाहत उभे राहिले. तिला त्या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की आईबापांबद्दलही कधी आली नसेल.

"पाचवी शिफारस तुझ्याकडे आहे ना? काय लिहिलंस?"

"अजून काही नाही."

"लिहू नकोस. अर्ज मीच मागे घेतो. ज्याला न बांधलेला पूल दिसतो, त्याला बांधलेल्यातली भेग दिसणार नाही." मग म्हणाले, "डॉक्टरची तारीख दोनदा टाळलीय मी. सोमवारी फोन करीन. तू आठवण कर म्हणजे झालं."

परवाना नुसता सोडून देता येत नाही. त्याचेही अर्ज असतात, प्रत्येक राज्याचा वेगळा. सोमवारी मिस्टर ओ टाय लावून नेहमीच्या वेळेला आले आणि तिच्या समोरच्या खुर्चीत बसले. काचेच्या दारातून कोरिन दोनदा डोकावली, पण आत आली नाही. लव्हॉनने सव्वीस अर्जांचा गठ्ठा पुढे ओढला. सर्वांत वर आर्कान्सा होते.

"नाव?"

"लेलंड ऑगस्ट ऑस्टरहाउस. तुला माहीत नाही होय?"

"इंजिनिअर म्हणून शेवटचं काम केल्याची तारीख?"

"शनिवार लिही."

"शनिवारी ऑफिस बंद होतं."

"जागेची पाहणी केली ना आपण? जागेवर पूल नाही, असा निष्कर्ष काढला मी. बरोबर होता की नाही?"

"बरोबर होता," लव्हॉन म्हणाली आणि शनिवारची तारीख लिहिली.

त्यांनी अर्ज स्वतःकडे वळवून घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, आणि सरळ उभ्या अक्षरांत सही केली.

"पुढचं कोणतं?"

"कोलोरॅडो," ती म्हणाली.