शर्यतीची गाडी आणि मुशीचं तेल

मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे. दोघांपुरती, बुटकी, वर छप्पर नसलेली. सध्या रत्नागिरीजवळ भाट्ये इथे, माडांमधल्या एका शेडमध्ये पडून आहे. मित्रांनो, पडून राहण्याचाही थकवा येतो.

दुसरं महायुद्ध संपल्यावर सात वर्षांनी इंग्लंडमध्ये एका कारागिराने मला घडवलं. मोठं इंजिन त्याला परवडत नव्हतं. मग त्याने माझं वजन उतरवलं, अंगावर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा चढवला आणि ब्रेक मात्र दांडगे बसवले. वळण आलं की इतर गाड्या लांबूनच वेग कमी करायच्या. मी अगदी वळणाच्या तोंडाशी जाऊन करायची आणि पुढे निघायची. पहिल्याच वर्षी मी लागोपाठ तीन शर्यती जिंकल्या. लोकांनी इंजिनाचं कौतुक केलं. ब्रेकचं कोण करतो?

पुढे माझ्या आताच्या मालकाच्या, म्हणजे विनोदच्या, आजोबांनी मला बोटीने इकडे आणलं. ते गेले आणि माझं धावणं संपलं. घरचे मुंबईला गेले. राखणीला राहिला भिवा, जन्माचा मच्छीमार. खारा वारा लोखंड खातो हे त्याला ठाऊक. म्हणून होडीला चोपडतात तसं मुशी माशाचं तेल तो दरवर्षी मला चोपडायचा. त्या वासाने मांजरं माझ्या सीटवर राहायला आली. काय ही शोभा!

यंदा मला एका संग्रहालयात द्यायचं ठरलं. गाडी चालती हवी, एवढीच त्यांची अट. विनोदने मुंबईहून येऊन मेकॅनिककडून इंजिन सुरू करून घेतलं आणि मला उताराकडे वळवलं. तेवढ्यात भिवा आडवा आला.

"दादा, नको नेऊ. चाकांच्या आतपन तेल घातलंय मी, होडीगत. ब्रेक लागायचा नाय."

विनोदने इंजिन बंद केलं. चाकं उघडली, तर ब्रेक तेलाने पार खराब झालेले. तसले आता मिळत नाहीत. संग्रहालयाने नकार कळवला. विनोद भिवाला रागाने काही बोलला नाही, पण भिवा त्या दिवसापासून शेडकडे फिरकला नाही. आपल्यामुळे गाडी वाया गेली, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगतो म्हणे.

जाताना मेकॅनिक म्हणाला होता की, इतकी वर्षं समुद्राकाठी राहूनही हिचा सांगाडा शाबूत आहे तो या तेलामुळेच. ते ऐकायला भिवा तिथे नव्हता. मला त्याचंच वाईट वाटतं.

मित्रांनो, चूक झाली की सांगायला सगळे जातात. जपलेलं सांगायला कुणी जात नाही. माझ्याने आता हलवत नाही, तेव्हा तुम्हीच जा. खाडीच्या कडेला त्याचं घर आहे. म्हणावं, तेल घेऊन ये. फक्त चाकांत घालू नकोस.