सतरा नंबरचा फॉर्म

फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या तिला अख्खं कॉलेज ‘करंटताई’ म्हणायचं, आणि त्यात अन्याय काही नव्हता. आठवड्यातून तीनदा ती पहिल्या वर्षाच्या चोवीस पोरापोरींना लॅबमधल्या कॉटवर आडवं करायची, मांड्यांना चिकट पॅड लावायची आणि मशीनचं बटण फिरवायची. मग स्नायू आपोआप आखडत, सुटत, आणि मालक मात्र खुशाल छताकडे बघत पडलेला. अभ्यासाने पिळून निघालेल्या विद्यार्थ्यांचा थकवा अशाने उतरतो का, हा तिच्या प्रबंधाचा विषय. दर शनिवारी सगळ्यांनी दहा प्रश्नांचा फॉर्म भरायचा, वर नावाऐवजी नुसता नंबर. आकडा जितका मोठा, तितका माणूस थकलेला. चाळीस म्हणजे पार संपलेला.

सहा आठवड्यांत आकडे असे घसरले, की करंटताईचे पाय जमिनीवर ठरेनात. खोडा फक्त सतरा नंबरचा. बाकी तेवीस जण खाली चाललेत आणि हे शहाणं वर! एकवीस, सव्वीस, तेहतीस, आता अडतीस. दुधात मिठाचा खडाच तो. सोमवारी आलेख प्रबंधाच्या गाईड मॅडमना दाखवायचा होता आणि त्यांना पटला तरच यंदा डिग्री.

प्रयोग संपला होता, त्यामुळे नावांची यादी उघडायला आता हरकत नव्हती. सतरा नंबर निघाली चिमणी, पॅड काढताना दर वेळी थँक्यू म्हणणारी किडमिडीत मुलगी. करंटताईने तिला लॅबमध्ये बोलावून घेतलं.

“अगं, उलटं तर नाही ना वाचलंस? चार म्हणजे ‘नेहमी’ आणि शून्य म्हणजे ‘कधीच नाही’.”

“नीट वाचलं, ताई.” चिमणी घुटमळली. “बाकीच्यांनीच ठरवून कमी लिहिलंय. तुझी डिग्री अडकायला नको म्हणून. तू सगळ्यांना आवडतेस ना.”

एवढ्या प्रेमाने कुणी कुणाचं वाटोळं केलं नसेल.

“सगळ्यांनी?”

“हो. मलाही सांगितलं होतं. सॉरी, ताई. मला नाही जमलं.”

“का गं?”

“त्यात विचारलं होतं, सकाळी उठणं नकोसं वाटतं का. इथे आल्यापासून मला हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हटलं, निदान इथे तरी खरं लिहावं.”

करंटताईला स्वतःची सणसणीत लाज वाटली. तेहतीस काय, अडतीस काय, सगळे आकडे तिनेच टाइप केले होते आणि दर वेळी तिला कीव आली होती ती आलेखाची.

तिने तिथूनच मॅडमना फोन लावला. “मॅडम, माझे आकडे खोटे आहेत. एक सोडून.”

“यंदाची डिग्री गेली, कळतंय ना तुला?”

“कळतंय. पण जो एक खरा आहे ना, तो अडतीस आहे. ती माझ्यासमोरच बसलीये.”

“तिला घेऊन ये,” मॅडम म्हणाल्या. “मी थांबते.”

करंटताईने फोन ठेवला आणि स्टूल ओढून ती चिमणीच्या शेजारी बसली.

“मॅडमकडे जाऊ आपण. आधी मला सांग, कधीपासून उठावंसं वाटत नाही?”