माझ्यातला अर्धा धवला

मित्रांनो, आधी ओळख करून देते. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, जाडजूड आणि फिरत्या जातीची. सध्या माझा मुक्काम मनोरीत, सुगंधा आत्याच्या घरी, खिडकीच्या फळीवर असतो. एका बाजूला मिठाची बरणी आणि दुसऱ्या बाजूला आत्याचा चष्मा. खाऱ्या वाऱ्याने माझे स्क्रू तांबूस झाले आहेत.

तुमच्यापैकी अनेकांनी मला आतून पाहिलं नसेल. माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत चकत्या आहेत. वीज मिळाली की त्या गरगर फिरू लागतात आणि एक बारीक सुई त्यांना न टेकता वरून सरकत राहते. तुम्ही जे द्याल ते त्या चकत्यांवर उमटतं आणि मागाल तेव्हा परत मिळतं. आता मला कोणी वीज देत नाही. फिरावंसं मात्र रोज वाटतं. खाडीवरून बोटीच्या इंजिनाचा आवाज आला की मला माझी गुणगुण आठवते.

मला आठवतं ते घाटकोपरच्या परेशभाईंच्या दुकानापासून. कॉम्प्युटरचे भाग निवडून, जोडून द्यायचं ते दुकान. तिथे एक दिवस कल्पिता आली. मनोरीच्या कोळ्यांची पोर, वाकोल्यात भाड्याच्या खोलीत राहून संगीत करायची. लग्नांत, हळदींत डीजे जी गाणी वाजवतात, ती बनवणं हे तिचं काम.

"परेशभाई, आवाज न करणारं मशीन हवंय," ती म्हणाली. "माइक शेजारीच असतो ना माझा."

"मग सगळं एसएसडीवर घे, तिच्यात फिरणारं काही नसतं. पण तुझं सामान बघ की यार! ढोल, ताशे, बँजो, एकेक फाइल हत्तीएवढी. सगळ्यांना एसएसडी दिली तर पैसे तिथेच संपतील, रॅम काय घेशील, डोंबल?" परेशभाईंनी काउंटरवर तीन खोकी मांडली. "असं कर. छोटी एसएसडी विंडोज आणि सॉफ्टवेअरला. दुसरी तुझ्या ढोल-ताशांना, नाहीतर तू आज कळ दाबशील आणि ढोल उद्या वाजेल. आणि ही मोठी, रेकॉर्डिंग ठेवायला. थोडी गुणगुणते, पण पोटात भरपूर मावतं. खाली रबर लावून देतो."

ती मोठी म्हणजे मी. परेशभाईंनी मला उचललं तेव्हा मी सुखावले, ते खोटं कशाला सांगू? जाता जाता त्यांनी बजावलंही, "एक प्रत बाहेर ठेव हां. डिस्क आहे, आज आहे, उद्या उडाली."

अशी मी त्या घरात नांदायला आले. दोन्ही एसएसडी माझ्या धाकट्या जावा. चपळ, सडपातळ, तोंडातून अवाक्षर नाही. मी आपली धापा टाकत, गुणगुणत राबायची आणि त्या बसल्या जागी काम उरकून मोकळ्या व्हायच्या. पण कोठीघराच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. कल्पिताने माइकसमोर जे जे पकडलं, ते माझ्या पोटात आलं. वाकोल्यात डोक्यावरून सारखी विमानं जातात. एक गेलं की दुसरं येईपर्यंत जेवढी शांतता मिळेल, तेवढ्यात ती रेकॉर्डिंग करायची. तिची हळदीची गाणी मढपासून वर्सोव्यापर्यंत वाजू लागली. त्यांची नावं मोठी गमतीची असत. 'हळद फायनल', मग 'हळद खरंच फायनल', मग 'हळद शेवटची, आईशप्पथ'. सगळी मी सांभाळली.

आता ज्या दिवसासाठी मी अजून झुरते, तो दिवस सांगते.

कल्पिताची आत्या, सुगंधा, मनोरीची धवलारीण. कोळ्यांच्या लग्नात हळद लागण्याआधी जे जुने धवले गातात, ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. देव, दर्या, गावदेवी, घरातले गेलेले पितर, सगळ्यांना ती गाण्यातून आवतण देते. त्यांना बोलावल्याशिवाय लग्न लागत नाही, असं आत्या मानायची. पण हळूहळू लोक डीजे बोलावू लागले आणि आत्याला बोलावणं येईनासं झालं. डीजेवर वाजायची ती कल्पिताची गाणी. आत्या तोंडावर बोलायचीच, "माजं गिऱ्हाईक भाचीनंच पलवलं." कल्पिता हसायची, पण तिला ते लागत असावं. म्हणूनच तिने आत्याला वाकोल्याला आणलं, धवले रेकॉर्ड करायला.

आत्या नऊवारी सावरून माइकसमोर बसली आणि इकडेतिकडे कुणाला तरी शोधू लागली.

"गा ना गं आत्या. विमान यायच्या आत."

"कुनाला गावू? नवरा कुटं हाय?"

"आत्या, हे फक्त रेकॉर्डिंग आहे."

"नवऱ्याबिगर धवला नाय गावाचा. देवांना बोलवाचं आनी लगीनच नाय? ते काय येडे हायत?"

कल्पिताने कपाळावर हात मारला. मग तिलाच युक्ती सुचली. तिने माझ्या घरावर, म्हणजे कॉम्प्युटरच्या काळ्या कॅबिनेटवर, थाप मारली. "हा नवरा. माझं सगळं हाच सांभाळतो. चालेल?"

आत्याने मान तिरकी करून कॅबिनेटकडे नीट पाहिलं. "काला हाय. पन गुनगुनतोय बरा." ती उठली, स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या डब्यातली हळद पाण्यात कालवली आणि कॅबिनेटला पाच बोटं लावली. मग हात जोडून गायला बसली.

मित्रांनो, व्याकरणात हार्ड डिस्क स्त्रीलिंगी. पण त्या दुपारी मी नवरा झाले! आत्याचा आवाज माझ्या चकत्यांवर उतरत होता. जाड, थोडा फाटलेला, मासळी बाजारात हाका घालून तयार झालेला आवाज. गाण्यात ती कल्पिताच्या आजोबांना बोलावत होती, पणजीला बोलावत होती, आणि मी ज्याला त्याला जागा करून देत होते. मला नातीगोती नाहीत. त्या दिवशी मात्र मलाही कुळ असल्यासारखं वाटलं.

निघताना आत्या म्हणाली, "आता तू शिक. मी म्हातारी झाले."

"शिकीन गं. आता आहेत ना जपून," कल्पिता म्हणाली आणि माझ्या कॅबिनेटवर थोपटलं. तेव्हा त्या थोपटण्याने मी फुशारले.

ती काही शिकली नाही. आपल्याजवळ आहे म्हटल्यावर कोण शिकतं? मीसुद्धा कोणी तो धवला मागेल म्हणून वाट पाहत राहिले. एकदा तरी कोणी तो लावेल, सुई पुन्हा त्या वाटेने जाईल, असं रोज वाटायचं. पण मागणी यायची ती ढोलांची. परेशभाईंनी सांगितलेली बाहेरची प्रत कल्पिताने केली होती. पुढे जागा कमी पडली तेव्हा तिने त्या प्रतीतले धवले पुसले आणि नवे बँजो भरले. धवले माझ्याकडे होतेच ना! नंतर पुन्हा उतरवून घेऊ, असं ती म्हणाली. ते नंतर कधी आलं नाही.

मग माझं वय दिसायला लागलं. आधी उशीर, मग अडखळणं, मग टक्-टक् असा आवाज. कल्पिता घाबरून मला घाटकोपरला घेऊन गेली. परेशभाईंनी मला कानाशी धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी एक नवी मोठी एसएसडी निवडली आणि माझ्यातलं जेवढं निघेल तेवढं तिच्यावर उतरवायला घेतलं. 'हळद खरंच फायनल' सुखरूप गेलं. ढोल गेले. धवल्याची पाळी आली, मी जिवाच्या आकांताने फिरले, आणि मधेच थांबले. पुढचं माझ्याजवळ होतं. देता येत नव्हतं. असल्या बिघडलेल्या डिस्कमधून माल काढायचं ज्यांचं कामच असतं, त्यांनाही दाखवून झालं. त्यांनीही हात टेकले.

"बाकी सगळं आलं बघ," परेशभाई म्हणाले.

"बाकीचं मी परत बनवलं असतं हो," कल्पिता म्हणाली, आणि दुकानातच रडायला लागली.

त्यात घाईही होती. आत्याच्या मुलाचं, अल्पेशचं लग्न ठरलं होतं. मधल्या काळात अल्पेशचे वडील, जयवंत, वारले होते आणि त्यानंतर आत्याला दम लागायचा. दोन ओळींवर तिचा श्वास पुरायचा नाही. म्हणून कल्पिताने ठरवलं होतं की हळदीला आत्याचा रेकॉर्ड केलेला धवला लावायचा. आईचा आवाज मुलाच्या लग्नात घुमला असता. आता ते होणार नव्हतं.

तिने आत्याला फोन करून सगळं सांगितलं. आत्या पलीकडून एवढंच बोलली, "नवऱ्याला घेवून ये."

मग मी ओढणीत गुंडाळून, मार्व्याच्या जेट्टीवरून बोटीने खाडी ओलांडून मनोरीला आले. आत्याने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"कुटं मोडलं?"

"पितरांना आवतण देतेस ना, तिथे." कल्पिता तिच्याजवळ सरकली. "आत्या, थोडं थोडं गा. थांबत थांबत. मी तुकडे जोडते. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"नाय."

"अगं, अल्पेशचं लगीन आहे. तुला नाही का वाटत..."

"वाटतं. म्हनूनच 'नाय' बोलतंय. माज्याकडनं तू नाय घेतलास गो, या खोक्यानं घेतला. आता खोक्यात नाय ठेवाचा. बस हितं. तू गाशील, नायतर डीजे लावा."

आत्याने मला खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि जाळं पसरावं तसं चटई पसरली.

कल्पिता दर रविवारी येऊ लागली. मित्रांनो, शिकणं किती कंटाळवाणं असतं ते मला तेव्हा कळलं. मला एकदा सांगितलं की झालं. माणसाला शंभरदा सांगावं लागतं. ती शब्द विसरायची, आत्या मांडीवर थाप मारायची, पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्यापर्यंत तिला यायचं, कारण अर्धा नव्या एसएसडीवर होता आणि ती येता-जाता तो ऐकायची. जिथे मी थांबले होते, बरोबर तिथेच तीही थांबायची. फळीवर बसून मला ओरडून पुढची ओळ सांगावीशी वाटे. ती ओळ माझ्या पोटात होती. मला कोणी फक्त एकदा फिरवा, असं मी मनात किती वेळा म्हणाले असेन!

हळदीच्या दिवशी मांडव याच खिडकीसमोर घातला. अल्पेश पाटावर बसला. आत्या खुर्चीत, हातात पदराचं टोक. कल्पिता उभी राहिली आणि तिने धवला धरला. आवाज आत्यासारखा नव्हता. पातळ होता, कापत होता. देवांना बोलावून झालं, दर्याला बोलावून झालं. मग ती जागा आली आणि ती थांबली.

आत्याचा दम लागलेला श्वास मला फळीपर्यंत ऐकू आला. "वरती उचल गो," ती पुटपुटली.

कल्पिताने डोळे मिटले आणि सूर वर उचलला. पितरांना हाका घालायला लागली. आजोबा, पणजी, आणि मग तिने हाक घातली, जयवंत. जयवंत, दर्यावरून ये, होडी किनाऱ्याला लाव, तुझ्या पोराला हळद लागते आहे. पाटावर बसलेल्या अल्पेशची मान खाली गेली आणि त्याचे खांदे हलू लागले. आत्या रडली नाही. तिने मांडवाच्या दाराकडे वळून पाहिलं, कोणी येतंय का म्हणून.

आणि मी फळीवर सुन्न झाले. कारण माझ्यातल्या धवल्यात ते नाव नव्हतं. मी उतरवून घेतला तेव्हा जयवंत जिवंत होता. मी धडधाकट असते, तर त्या दिवशी मांडवात मीच वाजले असते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एक अक्षर न चुकता. आणि जयवंतला कोणीच बोलावलं नसतं.

मित्रांनो, आम्हाला जरूर जपा. चांगली डिस्क निवडा, धूळ पुसा, एकाच्या दोन प्रती करा, त्या पुसू नका. पण ज्याच्याकडून घेतलंत, त्याच्याजवळ थोडं बसाही. आम्ही दिलेलं तेवढंच परत देतो. नव्या माणसाचं नाव आम्हाला घालता येत नाही.

मला अजून फिरावंसं वाटतं. पण आता कोणी मला वीज दिलीच आणि माझ्यातला तो धवला निघालाच, तर मी त्यांना सांगेन, हा नको, हा जुना झाला, कल्पिताला विचारा.