काचेत उतरलेला माणूस

मी एक प्लाझ्मा आहे. लोक मला नुसतं टीव्ही म्हणतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या घरात मी आहे तिथे मी काही काळ टीव्हीहून अधिक काहीतरी झालो होतो. ते सांगायचं राहून जाऊ नये म्हणून बोलतोय. माझ्या जातीचं आता कुणी बनवत नाही, कारखाने केव्हाच बंद झाले. सांगायचं ते आम्ही उरलेल्यांनीच सांगायचं.

माझ्या दोन काचांच्या मध्ये लाखो बारीक कप्पे आहेत आणि प्रत्येकात कणभर वायू कोंडलेला आहे. वीज मिळाली की प्रत्येक कप्पा आपापला उजळतो, आणि अंधार हवा असेल तिथे आपापला विझतो. वजनाने मी जड, अंगाने गरम, विजेला खादाड. हे दोष मला जन्मापासून ठाऊक आहेत. आणखी एक दोष आहे. माझ्यासमोर एकच चेहरा फार वेळ ठेवला, तर तो मला सोडत नाही.

मी मनिलापासून लांब, इलोइलो नावाच्या बंदराच्या शहरातल्या एका दुकानात उभा होतो, शेजारी एक एलसीडी. दोघांवर एकच चित्र चालायचं, आणि गिऱ्हाइकं आमच्या मध्ये उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे माना वळवायची. बहुतेक जण त्यालाच घेऊन जायचे. तो हलका होता, दुकानाच्या लखलखाटात माझ्याहून उठून दिसायचा, आणि वीजही कमी खायचा.

एका दुपारी तिघं आली. क्रिसांतो मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत काम करायचा. वर्षाचे दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. बरोबर त्याची बायको फेलिंग आणि सोळा वर्षांची मुलगी मायुमी. फेलिंगने आल्या आल्या एलसीडीवर बोट ठेवलं.

"हा घे. बघ कसा झळकतोय. तो दुसरा म्हणजे म्हातारा बैल आहे, नुसता खाणार."

 क्रिसांतोने विक्रेत्या मुलीला आमच्या कोपऱ्यातले दिवे बंद करायला लावले. पडद्यावर त्या वेळी रात्रीचा समुद्र होता. तो बराच वेळ पाहत राहिला.

"अंधार असाच असतो," माझ्याकडे बघून तो म्हणाला. "त्या दुसऱ्यात तो राखाडी झालाय, मागून कुणी कंदील धरल्यासारखा."

मग तो बाजूला जाऊन भिंतीला टेकला आणि तिरका बघू लागला. "इथूनही स्वच्छ दिसतंय. आपल्याकडे काय सगळे समोर बसतात? अर्धी गल्ली जिन्यावर, उरलेली खिडकीत."

"वर्षात दोन महिने तू बघणार, आणि पसंती तुझी?" फेलिंग म्हणाली.

"म्हणूनच तर. उरलेले दहा महिने तू एकटी बघू नयेस. शेजार बसला पाहिजे."

 पावती करताना विक्रेती मुलगी म्हणाली, "एकच सांभाळा, साहेब. यावर चित्र थांबवून ठेवू नका. एकच चित्र फार वेळ राहिलं तर ते काचेत उतरतं."

"माझ्याच वळणाचा आहे मग," क्रिसांतो हसला. "एका जागी राहिलो की मीही बिघडतो."

मला त्यांनी समुद्राकाठच्या त्यांच्या घरात, पुढच्या खोलीत बसवलं. त्याने म्हटलं होतं तसंच झालं. बॉक्सिंगचा सामना असला की दारासमोरच्या जिन्याची एकही पायरी रिकामी राहायची नाही. बायका दुपारच्या मालिकेला यायच्या आणि रडून हलक्या होऊन जायच्या. गल्लीत फेलिंगला सगळे नांग फेलिंग म्हणत, म्हणजे थोरली बहीण, आणि थोरल्या बहिणीच्या घरात शिरताना कुणी विचारत नाही. क्रिसांतोची आई, लोला पासिता, म्हणजे पासिता आजी, वेताच्या खुर्चीत बसून हरणाऱ्याच्या बाजूने ओरडायची. तिला जिंकणाऱ्यांचा राग होता.

पुढच्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, जहाज कंपनीचा फोन आला. दूरच्या समुद्रात वादळात जहाज बुडालं होतं. अकरा जण सापडले, सहा सापडले नाहीत. क्रिसांतो त्या सहांत होता.

आमच्याकडे माणूस गेला की त्याची शवपेटी घरात ठेवतात. दिवसरात्र तिच्याजवळ कुणीतरी बसतं, दिवा विझू देत नाहीत, घर झाडत नाहीत. कॉफी फिरते, शेंगदाणे फिरतात, एका कोपऱ्यात पत्ते रंगतात, आणि नऊ दिवस प्रार्थना चालते. पण इथे पेटीत ठेवायला काही नव्हतं. कुणीतरी सुचवलं, त्याचे कपडे ठेवा. लोला पासिता खुर्चीतून उठली.

"रिकामी पेटी माझ्या घरात येणार नाही. माझा मुलगा काही शर्ट नव्हता."

मग माणसांनी बसायचं कुणापाशी? भिंतीवर त्याचा फोटो म्हणजे खलाशाच्या ओळखपत्रावरचा, अंगठ्याच्या नखाएवढा. चांगला फोटो एकच होता. मागच्या सुट्टीत मायुमीने काढलेला, पांढरा शर्ट घातलेला, हसणारा. तिने कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि माझ्या कडेच्या खाचेत सरकवलं. तो माझ्या अंगभर उजळला. खोलीत जमलेल्या बायकांनी एकदम छातीवर क्रूसाची खूण केली. लोलाने माझ्यासमोर दोन मेणबत्त्या आणि फुलांची ताटली ठेवली.

त्या दिवसापासून मी पेटी झालो.

लोक येत, माझ्यासमोर मान खाली घालत, त्याच्याशी बोलत. जहाजावरचा एक सोबती येऊन म्हणाला, "माझी वीस बिस्कोचो बिस्किटं तू खाल्लीस, क्रिसांतो, वर ये आणि देणं फेड." आणि मग तिथेच फरशीवर बसला. दोनदा वीज गेली, आणि दोन्ही वेळा ती परत येताच कुणीतरी धावत येऊन मला लावलं. माझे कप्पे त्याच एका हसण्यात तापत होते. मला कळत होतं काय होतंय. बोलता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मायुमी माझ्याकडे टक लावून बघत होती. अचानक तिने रिमोट उचलला. लोलाने तिचं मनगट धरलं.

"काय करतेस, इंदाय, पोरी?"

"थोडा वेळ बंद करते, लोला. काच खराब होईल."

"माणूस गेला, आणि तू काचेचं रडतेस?"

खोलीतले सगळे तिच्याकडे बघत होते. मायुमीने रिमोट खाली ठेवला. फेलिंग कॉफी ओतत होती. तिने वर पाहिलं, आणि पुन्हा ओतू लागली.

नऊ दिवस संपले. जेवणं झाली, भाड्याने आणलेली बाकं परत गेली. संध्याकाळी कुणीतरी सवयीने बास्केटबॉल लावला. पिवळ्या फरशीवर खेळाडू धावत होते, आणि त्यांच्या मधोमध क्रिसांतो होता. फिकट, उलटा. जिथे तो उजळ होता तिथे काळसर डाग, कारण जिथे जास्त पेटलो तिथेच मी जास्त झिजलो होतो. पांढरा शर्ट सावलीसारखा दिसत होता. पण तो तोच होता. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. फेलिंग पुढे आली आणि तिने काचेवर तळवा टेकवला. मी नेहमीसारखाच गरम होतो. तिने हात काढला नाही.

शेजारचा दुरुस्तीवाला, नोंग तिनोंग, म्हणजे तिनोंगदादा, बघायला आला. "नुसता पांढरा पडदा तीन दिवस लावून ठेवा, नांग. बाकीची काच झिजून बरोबरीला येईल. चेहरा जाईल."

"नाही लावला तर?"

"तरी जाईलच. वापराल तसा पुसट होत जाईल. ठेवायचाच असेल तर टीव्ही बंद ठेवा."

"बंद ठेवला तर तो दिसेल कसा?"

नोंग तिनोंगने हत्यारांची पिशवी उचलली. "ते मला विचारू नका. मी फक्त टीव्ही दुरुस्त करतो."

असं माझ्यापुढचं कोडं तिच्या पदरात पडलं. पाहावं तर तो झिजणार. जपावं तर पाहायचं नाही. तिने मला बंद केलं. फक्त रविवारी चर्चहून आल्यावर पाच मिनिटं लावायची, घड्याळ समोर ठेवून, आणि कुणाला आत येऊ द्यायची नाही. बॉक्सिंगला लोक दुसऱ्या गल्लीत जाऊ लागले. जिना रिकामा पडला. लोला खुर्चीत बसून काळ्या काचेकडे बघायची आणि विचारायची, "आज कोण खेळतंय?" कुणी उत्तर द्यायचं नाही.

अशी दोन वर्षं गेली. मी त्याला जपलं, पण खरं सांगतो, मला त्यात अभिमान वाटला नाही. माणूस असा अडकवून ठेवायला मला कुणी घडवलं नव्हतं.

मायुमी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी मनिलाला गेली होती. सुट्टीत येई ती तीन दिवसांसाठी, मग दोन, मग एकच. जेवायला बसली की माझ्याकडे पाठ करून बसायची. पहिली नोकरी लागल्यावर आली ती बरोबर एलसीडी घेऊन. चपटा, हलका, देखणा. खोका उघडायच्या आधीच फेलिंग म्हणाली, "आण हवं तर. पण हा इथून हलणार नाही."

मायुमी खोक्यावरच बसली. फेलिंग जमिनीवर मासे साफ करत होती.

"नानाय, मला तिसऱ्याच दिवशी आठवलं होतं. दुकानातली ती मुलगी काय म्हणाली ते. लोलाने हात धरला हे नुसतं निमित्त. ती झोपल्यावर बंद करता आला असता. मी लोकांना घाबरले. तातायला मी असं भुतासारखं चिकटवून ठेवलं. मला त्याच्याकडे बघवत नाही."

फेलिंगचा सुरा थांबला नाही.

"तिसऱ्या दिवशी?"

"हो."

"मला पहिल्याच दिवशी आठवलं होतं."

मायुमी बघतच राहिली.

"तू कार्ड घातलंस तेव्हाच माझ्या जिभेवर आलं होतं, नको म्हणून. मग मनात म्हटलं, जळू दे. ना पेटी, ना थडगं. समुद्राने त्याचं एक नखही परत दिलं नाही. त्याला कुठेतरी उतरायला नको का?" आता सुरा थांबला. "लोलाने तुला झापलं तेव्हा मी ऐकलं. एका शब्दाने तुला मोकळं करता आलं असतं. मी कॉफी ओतत राहिले."

 खोलीत माशांचा वास होता आणि बाहेर होडीची मोटर फटफटत होती.

"दोन वर्षं तू पाठ फिरवून जेवतेस," फेलिंग म्हणाली. "मला वाटायचं, माझ्यावर रागावलीयेस. मी गेलेल्याला धरून बसले, आणि असलेली हातातून चालली होती."

ती उठली. हात धुतले. रिमोट कपाटात कुलपात होता, तो काढून तिने मुलीच्या मांडीवर ठेवला.

"लाव."

"पांढरा लावू? नोंग तिनोंग म्हणाला होता तसा, तीन दिवस?"

"पांढरा नको. पांढऱ्यात तो एकटा पडेल. सामना लाव कुठला तरी. आणि दार उघड."

मायुमीने मला लावलं. बास्केटबॉल होता. आवाज ऐकून लोला पासिता आतून काठी टेकत आली आणि खुर्चीत बसली. "कोण हरतंय?" तिने विचारलं, आणि कुणी सांगायच्या आधीच लाल कपड्यांची बाजू घेतली. थोड्या वेळाने दारात एक शेजारीण आली. आत येऊ की नको, अशी उभी राहिली.

"नांग फेलिंग, बसू का?"

"विचारतेस काय? जिना तुझ्या बापाचाच आहे."

एलसीडी लोलाच्या खोलीत गेला. चांगला आहे तो. माझं त्याच्याशी भांडण नाही. तो कुणाला धरून ठेवत नाही, हा त्याचा गुण आहे. पण तुम्ही जेव्हा दोन पडद्यांच्या मध्ये उभे राहाल तेव्हा झळाळी, वजन, वीज एवढंच विचारू नका. घरी त्याच्यासमोर कोण कोण बसणार हेही विचारा. आणि जे तुमच्यात खोल उतरलंय त्याला कुलूप लावून जपू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. माणसाला माणसांच्या गर्दीतूनच जाऊ द्या.

क्रिसांतो एकदम गेला नाही. सामने, मालिका, बातम्या, वादळाचे इशारे, गाण्यांच्या स्पर्धा, सगळं त्याच्या अंगावरून गेलं. आधी कान गेले, मग कपाळ. दीड वर्षाने फक्त शर्टाच्या कॉलरचा एक कोपरा उरला, तोही ज्याला ठाऊक त्यालाच दिसावा इतका.

तो कोपरा कोणत्या दिवशी गेला हे घरात कुणालाच सांगता येणार नाही. मला येईल. रविवारची दुपार होती, बॉक्सिंगचा सामना होता, जिना गच्च भरला होता. लोलाचा माणूस नेहमीप्रमाणे हरला आणि तिने पंचाला अशी शिवी हासडली की सगळी गल्ली हसून लोळायची बाकी राहिली. फेलिंग पोट धरून हसत होती. मायुमी माझ्यासमोर मांडी घालून जेवत होती, घास तोंडात, डोळे माझ्यावर. त्या गलक्यात तो गेला, आणि कुणाचंच लक्ष नव्हतं.